डावीकडून येणारी गाडी

आमचे हे, म्हणजे रणजीत, ठेच्याशिवाय जेवलेले मी लग्नाला वीस वर्षं झाली तरी पाहिले नव्हते. भाजी नसली तर चालेल, भाकरी शिळी असली तरी चालेल, पण ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा पाहिजेच, नाहीतर स्वारी ताटावरून उठायची. त्यामुळे दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी ठेच्याला बोटसुद्धा लावलं नाही, तेव्हा मला भरून आलं. म्हटलं, चला, मरणाच्या दारातून परत आला की माणूस डॉक्टरचं तरी ऐकतो. बायकोचं ऐकेल ही आशा मी केव्हाच सोडली आहे.

मी मात्र सवयीनं रोज नखाएवढा वाढत होते. ताटाची डावी बाजू रिकामी सोडायची नसते, हे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. डावीकडे मीठ, लिंबू, ठेचा, कांदा. उजवीकडे भाजी आणि कालवण. हे भाजी-भाकरी खायचे, डावीकडचं सगळं तसंच टाकून उठायचे, आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे की बघा, किती सुधारले.

दुखणं अचानक आलं होतं. एका सकाळी तोंड धुताना ह्यांच्या डाव्या हातातला तांब्या गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूत गुठळी झाली होती, पण वेळेत आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हळूहळू हात आला, पाय आला, तोंड सरळ झालं. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं की डोळ्यांच्या विभागातही दाखवून जा. तिथे ही लांब रांग. हे म्हणाले, मला सगळं दिसतंय की. मीही कंटाळले होते. आम्ही रिक्षा केली आणि दिघीला घरी आलो.

हे कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत. बस घरचीच. गावची जमीन गेली तेव्हा थोरले दीर हिंदुराव यांनी त्या पैशातून बसगाड्या घेतल्या आणि चाकणच्या कारखान्यांना लावल्या. त्यातली एक हे चालवतात. दिघी, भोसरी, मोशी, मग सरळ नाशिक हायवेनं चाकण. बस भरून बायका, सगळ्या मोटारींच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीतल्या. त्यातली मोशीची शालनबाई आठवड्यातून दोनदा मला फोन करायची. बदली ड्रायव्हर ब्रेक असा मारतो की डबा मांडीवर सांडतो, रणजीतभाऊ कधी येणार, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी हिंदुरावांनी दिवस ठरवला. रविवारी गाडीची पूजा, सोमवारी पहिली शिफ्ट.

मलाही सोमवार हवाच होता, खोटं कशाला बोलू. ड्रायव्हर माणूस घरात बसला की घराची बस होते. मी गॅस मोठा केला की हे कॉटवरून ओरडायचे, ॲक्सिलरेटर कमी कर.

त्यांना कशात तरी गुंतवायचं म्हणून दिव्यानं, आमच्या लेकीनं, तिच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर एक गेम काढून दिला. आमच्या लहानपणी टीव्हीला डबा जोडून, त्यात कॅसेट घालून खेळायचा गाड्यांचा गेम. भोसरीत एका दुकानात तो तासावर खेळायला मिळायचा आणि हे शाळा बुडवून तिथे पडलेले असायचे, असं सासूबाई सांगायच्या. आता म्हणे डबा नको, कॅसेट नको, ब्राउझरमध्ये साइट उघडली की ते जुनं मशीनच पडद्यावर चालू होतं. वरून पाहावा तसा रस्ता, मधोमध आपली लाल गाडी, आजूबाजूला दुसऱ्या गाड्या, आणि मागे सतत टिंवटिंव संगीत. ह्यांचा चेहरा असा खुलला की आमच्या लग्नातही तो तसा खुललेला मला आठवत नाही.

पहिला दिवस हसण्यात गेला. गाडी सुसाट निघायची, उजवीकडच्या गाड्यांना हे अशी हुलकावणी द्यायचे की दिव्या टाळ्या वाजवायची. मग एक पिवळी गाडी यायची, धडक, ठिणग्या, आणि संगीत मान टाकायचं. पुन्हा सुरुवात, पुन्हा धडक. दर वेळी हे एकच विचारायचे, ही कुठनं आली? मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, हायवे गाजवणाऱ्याला खेळण्यातली गाडी आवरेना. ते चिडले. म्हणाले, कीबोर्डचं डावं बटण अडकतंय. दिव्यानं मैत्रिणीकडून दुसरा कीबोर्ड आणून जोडला. त्याचं बटण लोण्यासारखं चालत होतं. धडक तशीच.

दुसऱ्या दिवशी नवीनच तऱ्हा. गाडी धडकली नाही तर मधेच थांबायची, पेट्रोल संपलं म्हणून. हे वैतागून म्हणाले की ह्यात पेट्रोलचा काटाच दिलेला नाही. दिव्या हसली. पप्पा, हा काय एवढा मोठा, म्हणत तिनं पडद्यावर बोट ठेवलं. काटा पडद्याच्या डाव्या कडेला होता, उभा आणि लाल. हे तिच्या बोटाकडे बघताहेत असं मला आधी वाटलं. पण त्यांची नजर बोटावर नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध होती.

"व्हय व्हय," ते म्हणाले. दिसल्यासारखं.

मी लाटणं खाली ठेवलं आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. कितीतरी वेळ नुसती बघत होते. एकही धडक उजवीकडून झाली नाही. सगळ्या गाड्या डावीकडून येत होत्या, आणि ह्यांच्यासाठी त्या कुठूनच येत नव्हत्या. गाडी अगदी जवळ आली तरी पापणी हलायची नाही. ठिणग्या उडाल्या की मग दचकायचे.

एकेक गोष्ट आठवायला लागली. डाव्या कोपराला सारखं खरचटायचं, दाराची चौकट लागते म्हणून. मी हळद लावत होते आणि वेंधळे म्हणून हसत होते. परवा मी कॉटच्या डाव्या अंगाला चहा घेऊन उभी होते तर ह्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, माज आलाय. आणि तो ठेचा.

दुपारी मी ताट नेहमीसारखंच वाढलं. हे पाटावर बसल्यावर मी ते गुपचूप अर्धं फिरवून त्यांच्यापुढे ठेवलं. आता ठेचा, लिंबू, कांदा त्यांच्या उजव्या हाताला आले. ह्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज बरी ठेच्याची मेहेरबानी झाली," ते म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला आणि मिटक्या मारत खाल्ला. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "आन भाजी? भाजी न्हाई केली व्हय आज?"

भाजी ताटात होती. वाटीभर वांग्याची भाजी, वाफा निघत असलेली, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. भीती काय असते ते मला त्या मोरीत कळलं. दवाखान्यात मी घाबरले होते, पण तेव्हा सगळे धावपळ करत होते, घाबरायलाही सोबत होती. इथे हे बाहेर मजेत भाकरी खात होते आणि सोमवारी बस काढणार होते.

आणि बायका कुठे उभ्या असतात? डावीकडे. प्रत्येक थांब्यावर, रस्त्याच्या डाव्या कडेला, पहाटेच्या अंधारात, पदर डोक्यावरून घेऊन, हातात डब्याची पिशवी. बस दिसली की मागे सरत नाहीत, चार पावलं पुढे येतात. कारण गाडी रणजीतभाऊंची आहे, ती थांबणारच. शालनबाई तर पायरीपाशी जागा मिळावी म्हणून सगळ्यांच्या पुढे. शिवाय गेल्याच गुरुवारी हे बुलेटवर मागे दिव्याला बसवून भोसरीला जाऊन आले होते, आणि मीच दारात उभी राहून टाटा केला होता. ते आठवलं आणि मी मोरीच्या कठड्यावरच बसले.

संध्याकाळी मी विषय काढला. नीटच काढला, माझा तोंडाळ स्वभाव आवरून. म्हटलं, उद्याच्या उद्या डोळे दाखवू, सोमवार पुढे ढकलू. दिव्यानंही समजावलं. हे आधी हसले, मग तांबडे झाले. खेळण्यातल्या गाडीवरून बायको नवऱ्याला आंधळा ठरवते, असं म्हणत त्यांनी लॅपटॉपच मिटला. मी ठेच्याची गोष्ट सांगितली. रोज वाढत होते, डावीकडे, तुम्हाला दिसतच नव्हता. मला वाटलं, हे तरी पटेल.

पण त्यानंच सगळं बिघडलं. ह्यांच्या डोळ्यांत मला खरं दुःख दिसलं. डॉक्टरनं तिखट कमी करायला सांगितलं म्हणून मीच ठेचा बंद केला, असं ते इतके दिवस धरून चालले होते, आणि माझ्यावर विश्वास ठेवून गुमान अळणी जेवत होते.

"येका शब्दानं बोललो न्हाई तुला," ते म्हणाले. "आन आता खोटं बोलून माझ्यावरच उलटवती."

म्हणजे मी त्यांच्या शहाणपणाचं कौतुक करत होते आणि ते माझ्या. एका ताटावर दोघं बसून एकमेकांना सांभाळून घेत होतो, आणि मधे तो ठेचा रोज सुकत होता. यावर रडावं की हसावं ते मला कळेना.

मी हिंदुरावांना फोन केला. मोठे दीर आहेत, शब्दाला वजन आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की भिऊ नकोस, दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या घरच्यांना असंच वाटतं. तो रस्ता त्याच्या हाताला पाठ आहे. डोळ्यांचं सोमवारी शिफ्ट सुटल्यावर बघू. किल्ली लपवावी असंही मनात आलं, पण दुसरी किल्ली हिंदुरावांकडे होती. त्या रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की तो वरून दिसणारा रस्ता सरकायचा, आणि पिवळ्या गाडीच्या जागी डब्याची पिशवी घेतलेली बाई यायची.

रविवारी सकाळी आम्ही हिंदुरावांच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. प्लॉटला लागून मिलिटरीची भिंत आहे, तिच्या कडेला गाड्या उभ्या असतात. ह्यांनी बस स्वतः धुतली होती. उजवी बाजू आरशासारखी. डाव्या बाजूला पाण्याचे ओघळ तसेच वाळलेले. मी दिव्याला खुणेनं दाखवलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी थोडी पुढे घेऊन ती चिरडायची. लिंबं घरच्या सवाष्णीनं ठेवायची, हा आमच्याकडचा नेम. मी पूजेचं ताट घेऊन उजवीकडची दोन ठेवली. हे वर चढून बसले. मी मागून वळसा घालून डावीकडे आले, मागच्या चाकाखाली एक ठेवलं, पुढच्या चाकाखाली एक ठेवलं, आणि पुढे होऊन बसच्या समोर उभी राहिले. कडेला नाही. तोंडासमोर, डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या काचेतून डोक्यापासून कमरेपर्यंत दिसेन अशी.

मी ठरवून उभी राहिले असं हिंदुराव अजून सगळ्यांना सांगतात. तसं काही ठरवलं नव्हतं. मी फक्त मान वर केली आणि काचेतून ह्यांचा चेहरा पाहिला. तो माणूस मला शोधत होता. उजवीकडच्या आरशात पाहिलं, उजवीकडे खिडकीतून वाकून पाहिलं, मग समोर पाहिलं. माझ्या अंगावर हिरवीगार साडी, हातात ताट, त्यात निरांजन पेटलेलं. त्यांची नजर माझ्या खांद्यापाशी आली आणि तिथेच रस्ता संपल्यासारखी मागे फिरली.

"तनू, झालं का गं?" त्यांनी हाक मारली.

मी उत्तर दिलं नाही. हिंदुराव मागच्या बाजूला होते, त्यांना मी दिसत नव्हते. ते म्हणाले, "झालं झालं, घे पुढं."

बस सुरू झाली. तिची घरघर माझ्या तळपायातून वर आली. बाजूला व्हायला वेळ होता, भरपूर होता. पाय म्हणत होते पळ. मी पळाले असते तर हे उतरून म्हणाले असते, बघ, काय झालं का? आणि सोमवारी माझ्या जागी शालनबाई उभी असती. एवढंच माझ्या डोक्यात होतं, दुसरं काही नाही. मी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि उभी राहिले. इतकी भ्याले होते की देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

लिंबं फुटल्याचा आवाज आला. बसचं तोंड मोठं मोठं होत गेलं. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, खूप दिवसांनी गिअरला हात लागला की येतं तसं. ते सरळ माझ्या दिशेनं हसत होते आणि मी तिथे नव्हते.

दिव्या किंचाळली. "पप्पा, आई!"

ब्रेक लागला. ताट बसला टेकलं आणि कलंडलं, कुंकू सगळं माझ्या साडीवर सांडलं, निरांजन विझलं. बस थांबली होती. पुढच्या पत्र्याची ऊब माझ्या हातांना लागत होती.

आणि ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, उजवीकडे, दिव्याकडे. "काय झालं? आई कुठं हाय?"

हिंदुराव धावत पुढे आले, त्यांनी मला पाहिलं, बसला पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. हे खाली उतरले. बसच्या समोरून चालत आले, मान इकडेतिकडे फिरवत मला ओलांडून पुढे गेले, परत वळले आणि मग एकदम थबकले. आता मी त्यांच्या उजव्या अंगाला आले होते. माझ्या साडीवरचं लाल पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुंकू आहे," मी म्हटलं. "लागलं नाही मला."

त्यांनी माझ्या हाताला हात लावला, मग बसच्या पत्र्याला, मग दोन्हींच्या मधल्या जागेला. तिथे जागाच नव्हती. मग ते वळले, चार पावलं मागे जाऊन बसच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले. ते मातीकडे बघत होते.

"तू रोज वाढत हुतीस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"लिंबू पण?"

"लिंबू, कांदा, सगळं."

त्यांनी मान हलवली. खिशात हात घालून काहीतरी शोधलं, मग आठवलं की किल्ली गाडीतच आहे. उठून वर गेले, ती काढली आणि हिंदुरावांच्या हातात दिली. म्हणाले, शालनबाईला सांगा, बदलीवालाच ठेवलाय म्हणावं. आणखी म्हणाले की उद्या रांग कितीही मोठी असू दे. हिंदुरावांनी किल्ली घेतली आणि माझ्याकडे न बघता मान खाली घातली.

सोमवारी त्या रांगेत आम्ही उभे राहिलो. डोळे चांगले आहेत, दोष मेंदूत आहे, डावीकडचं तो टिपतच नाही, असं सांगितलं. थोडं परत येईल, थोडं येणार नाही. बस मात्र पुन्हा नाही. हे सगळं ऐकताना ते शांत होते. मी नव्हते. मला अजूनही भीती वाटते, ते दाराबाहेर पडले की वाटते, आणि मी त्यांच्या डाव्या हाताला राहूनच चालते.

पण त्या रविवारी प्लॉटवरून घरी आल्यावरचं सांगायचं राहिलं. जेवायची कोणालाच इच्छा नव्हती, तरी मी ताट वाढलं, नेहमीसारखं. डावीकडे मीठ, लिंबू, ठेचा. फिरवून ठेवावं की नाही या विचारात मी तिथेच घुटमळले. ह्यांनी ताटाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी त्याची कड धरली आणि स्वतःच ते हळूहळू फिरवायला लागले, ठेचा समोर येईपर्यंत.